त्रासदायक गेस्टचा रिव्ह्यू लिहायची घाई नको

अलिबागला आमची दोन खोल्यांची जागा आहे, एअरबीएनबीवर (पाहुण्यांना घर भाड्याने द्यायची वेबसाइट) लावलेली. मागे एकांनी ६ जणांचं बुकिंग करून ११ जण आणले, बार्बेक्यूचे निखारे थेट अंगणातल्या शहाबादी फरशीवर टाकले, वर वाईट रिव्ह्यूची धमकी. रागाच्या भरात लगेच लिहायला बसलो होतो, बायकोने फोन काढून घेतला ते बरं झालं.

आता असं करतो:

१. गेस्ट निघाले की आधी फोटो, भांडी-चादरी उचलायच्या आत. नुकसानभरपाई मागायची तर ती लगेच.

२. रिव्ह्यूला चेकआऊटपासून १४ दिवस असतात. आपण लिहिला की गेस्टला नोटिफिकेशन जातं, म्हणजे विसरलेल्यालाही आपल्याबद्दल लिहायची आयती आठवण, म्हणून मी तेराव्या दिवशी रात्री लिहितो. तोवर डोकंही थंड होतं.

३. फक्त घडलं तेवढंच: "६ जणांचं बुकिंग, ११ जण आले, फरशीवर जळल्याचे डाग." "बेशिस्त लोक" वगैरे नाही, पुढच्या होस्टला आकडेच कामाचे.

एक सांभाळा, भरपाईच्या क्लेमलाही १४ दिवसच असतात, रिव्ह्यूच्या नादात तो लांबवू नका.