मुस्तफा कोणत्या कॅसेटमध्ये होता? जुन्या गेमच्या याद्या करताना या चुका टाळा

भुसावळच्या एका मित्राने व्हिडिओ गेम पार्लरमधल्या आणि घरच्या गेमची यादी करायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडकला. "काय भो, मुस्तफा कोणत्या कॅसेटमध्ये होता?"

कोणत्याच नाही. आपला मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', साल 1993. तो पार्लरच्या मशीनवरच राहिला. सेगा सीडी या घरच्या डब्यावर त्याच नावाने एक गेम आला खरा, पण त्यात गाडी पळवत गोळ्या झाडायच्या, हाणामारी नाही. म्हणून यादीत टोपणनाव लिहू नका. गेमचं खरं नाव, कंपनी आणि साल लिहा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नाव सारखं असलं की. कॉन्ट्रा मशीनवर 1987 ला आला, घरी 1988 ला. मशीनचा पडदा उभा, आपला टीव्ही आडवा, त्यामुळे घरच्या कॉन्ट्राचे टप्पे नव्याने मांडलेले. 'वर वर खाली खाली' अशी बटणं दाबून मिळणारे 30 जीव घरच्याच कॉन्ट्रात. पार्लरमध्ये ते करणारा पोरगा रुपया घालवून बसायचा. डबल ड्रॅगन मशीनवर दोघं मिळून खेळायचे, घरच्या निन्टेन्डोवरच्या पहिल्या डबल ड्रॅगन कॅसेटमध्ये ती सोयच काढली. डाँकी काँगचे मशीनवर 4 पडदे, त्याच निन्टेन्डोवर 3. अशा गेमला 'पार्लर' आणि 'घर' अशा दोन्ही रकान्यांत नुसती बरोबरची खूण केली, की यादी खोटी झालीच.

आकड्यांवरही जाऊ नका. '9999 इन 1' कॅसेट चाळीसगावच्या मामाकडे होती. एका दुपारी बसून मोजली, तर वेगळे गेम तीसही निघाले नाहीत. बाकी सगळा तोच मारिओ, कधी उंच उड्या मारणारा, कधी मधल्याच टप्प्यावरून सुरू होणारा. सरळ तुलना हवी तर 1990 चं निओ जिओ घ्या: पार्लरचं मशीन आणि घरचा डबा, दोन्हीकडे गेम तेच.

आता गेम सुरूच होत नसेल तर? लगेच 'नाही' लिहू नका. मेममध्ये (MAME, पार्लरचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) फाइल दुसऱ्या आवृत्तीची असली तर गेम अडतो, आणि निओ जिओला तर बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, फाइल वेगळी लागते. खरी कॅसेट असेल तर फुंकर मारायची सवय सोडा, तोंडाची वाफ कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर बसते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, वाळू द्या, मग लावा. मामाची कॅसेट अशी पुसल्यावरच चालू झाली होती.