बियांपासून जास्वंद: परागीकरणापासून पहिल्या फुलापर्यंत

जास्वंद लावायची म्हटली की आपण फांदीच शोधतो. पावसाळ्याच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी मातीत खोचली की ती बहुधा जगते आणि मूळ झाडासारखीच हुबेहूब फुले देते. त्यामुळे देवाला वाहण्यासाठी लाल जास्वंद हवी असेल, तर बियांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही, काडीच लावावी. बी लावायचे ते नवे झाड मिळवण्यासाठी. रोपवाटिकांत दिसणाऱ्या रंगीबेरंगी जास्वंदी अनेक पिढ्यांच्या संकरातून आलेल्या असल्यामुळे, एकाच बोंडातल्या दहा बियांपासून दहा तऱ्हेची फुले येऊ शकतात, आणि त्यांतले एकही आईवर गेलेले नसेल असेही घडते.

खरी मेहनत पेरणीच्या आधी, बी धरवण्यात आहे. अंगणातली गावठी लाल जास्वंद वर्षभर फुलत असली तरी तिला बोंड क्वचितच धरते. डबल फुलांत पुष्कळ पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्याकडूनही सुरुवातीला फारशी अपेक्षा ठेवू नये. नवशिक्याने पाच सुट्या पाकळ्यांच्या दोन वेगवेगळ्या संकरित जाती निवडाव्यात. 'जास्वंदीचे बी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर मात्र विसंबू नये. त्यांत अनेकदा अंबाडीचे किंवा थंड प्रदेशातील दुसऱ्याच जातीचे बी निघते. अंबाडी ही जास्वंदीची सख्खी बहीण आहे आणि तिची भाजीही चविष्ट लागते, पण आपल्याला हवी असलेली ती नव्हे.

फूल हातात घेऊन नीट पाहावे. मधून बाहेर आलेल्या लांब दांड्यावर चहूबाजूंनी बारीक पिवळे परागकोश असतात आणि अगदी टोकाला पाच छोटे, मखमली ठिपके वेगवेगळे उभे राहिलेले दिसतात. हे ठिपके म्हणजे कुक्षी. सकाळी फूल पूर्ण उमलून परागकोशांवर मोकळी पिवळी पूड दिसू लागली की नर म्हणून निवडलेले फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्यात आणि तो दांडा ब्रशासारखा धरून दुसऱ्या झाडावरच्या फुलाच्या पाचही ठिपक्यांवर हलकेच टेकवावा. ठिपके पिवळे दिसले की काम झाले. देठाला लोकरीचा धागा सैल बांधून त्याला दोन्ही झाडांची नावे आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवावी, कारण दोन महिन्यांनी कोणते बोंड कोणाचे हे आठवत नाही.

महाराष्ट्रात या कामाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. भर पावसात पराग धुऊन जातात आणि एप्रिल-मेच्या उन्हात धरलेली बोंडेही गळतात. परागीकरणानंतर एक-दोन दिवसांत पाकळ्या गळून पडतात. त्याने खचून जाऊ नये. आठवड्यानंतरही देठ हिरवा राहिला आणि हिरव्या निदलांच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या दलांच्या) आत गाठ फुगू लागली, तर बोंड धरले असे समजावे. देठ पिवळा पडला तर पुन्हा प्रयत्न करावा. दहा फुलांमागे दोन बोंडे टिकली तरी मला त्या दिवसांची मेहनत सार्थकी लागल्यासारखी वाटते.

बोंड पिकायला साधारण दोन महिने लागतात, थंडीत त्याहून थोडे अधिक. जास्वंद ही भेंडी आणि कपाशीच्या कुळातली. त्यामुळे तिचे बोंडही वाळले की पाच कप्प्यांनी उकलते. माझे पहिले बोंड मी झाकले नव्हते. सकाळी पाहिले तर रिकामे कप्पे उघडे होते आणि कुंडीभोवती कितीही शोधले तरी फक्त तीन बिया सापडल्या. तेव्हापासून बोंड तपकिरी होऊ लागताच मी त्यावर मलमलीची छोटी पिशवी बांधतो.

बियांचे कवच टणक असते, आणि तशीच पेरलेली बी कधी आठवड्यात तर कधी महिन्यानेही उगवते. म्हणून प्रत्येक बी बोटांत धरून, टोकदार बाजू सोडून गोलसर बाजूच्या कवचाचा नेलकटरने किंचित टवका काढावा. आतला पांढुरका भाग जेमतेम दिसला की थांबावे, कारण खोल काप गेला तर अंकुराला इजा होते. मग बिया रात्रभर कोमट पाण्यात ठेवून, सकाळी ओलसर टिश्यूपेपरच्या घडीत गुंडाळून झाकणाच्या डब्यात, उबदार जागी ठेवाव्यात. डबा रोज एकदा उघडावा. तीन ते सात दिवसांत पांढरे मूळ बाहेर पडते.

मूळ दिसताच बी छिद्रे पाडलेल्या छोट्या कपात सुमारे एक सेंटीमीटर खोल लावावी. त्यासाठी कोकोपीट आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर गांडूळखत मिसळावे. बागेतली चिकट माती या टप्प्यावर टाळावी. रोपे सर्वांत जास्त मरतात ती अतिपाण्याने: मातीलगत देठ काळा पडून मऊ होतो आणि रोप एका रात्रीत आडवे होते. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नये. कधीकधी बीचे कवच टोपीसारखे पानांवर अडकून राहते. ते ओढू नये, थेंबभर पाण्याने भिजवून काही वेळाने अलगद सरकवावे.

बीजपत्रांनंतर तीन-चार खरी पाने आली की रोप चार इंची कुंडीत आणि मुळे कुंडीत भरली की आठ इंचीत हलवावे. सुरुवातीला सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि ते दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावे. खत थोडे पण वारंवार असावे. बोनमीलचा सढळ वापर करण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्यातले जास्तीचे स्फुरद (फॉस्फरस) जास्वंदीला मानवत नाही. त्यापेक्षा पालाश (पोटॅश) अधिक असलेले खत द्यावे. पिठ्या ढेकूण दिसताच कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा आणि नंतर निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. पहिले फूल येईपर्यंत शेंडा खुडू नये, नाहीतर फुलण्याचा काळ आणखी लांबतो.

पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत एक ते दोन वर्षे लागतात. पहिल्या फुलावरून रोपाची पारख करू नये, कारण ते अनेकदा लहान आणि फिके असते. पुढची पाच-सहा फुले पाहून निर्णय घ्यावा. एखादे रोप मनात भरले, तर त्याच्या काड्या लगेच लावून ठेवाव्यात, आणि त्याची स्वतःची मुळे कमकुवत वाटली तर गावठी लाल जास्वंदीच्या खुंटावर त्याचे कलम करावे.