शंख की चुनखडी? या चुका टाळा

पुरातन दागिन्याचा पांढरा तुकडा हाती आला की शिकाऊ मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: 'ॲसिड टाकून बघू का?' नको!

हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला, फसफसलं, म्हणजे शंख, हे गणित कुठून आलं देव जाणे. चुनखडी फसफसते, संगमरवर फसफसतो, मातीत पडून वस्तूवर धरलेली चुन्याची पापडीही फसफसते. हडप्पाकालीन बांगडीचा एक तुकडा माझ्या टेबलावर यायच्या आधीच एका उत्साही मुलाने त्यावर थेंब सोडला होता. तोही नेमका कोरलेल्या कोनाकृती नक्षीवर. शंखाचे वेढे जिथे जुळतात तिथे बांगडीत नैसर्गिक सांधा राहतो आणि हडप्पाचे कारागीर ही नक्षी बहुधा तिथेच कोरत. तो सांधा शाबूत असता तर 'टर्बिनेला पायरम', म्हणजे आपला देवघरातला शंख, हे भिंगाखाली दोन मिनिटांत कळलं असतं. उरला होता एक खरबरीत खळगा. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून माझ्याकडे आधी भिंग आणि तिरका धरलेला टॉर्च, मग बाकी सगळं. सांधा, वाढीच्या रेषा, करवतीचे चरे बघा. तुटलेल्या कडेवर आडव्या-उभ्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक पट्ट्या दिसल्या तर तो दगड नाही. वेळ लागतो, लागू दे. तुकडा चार हजार वर्षं थांबला आहे.

दुसरी चूक यंत्रावाल्यांची: 'कॅल्साइट आलं, म्हणजे चुनखडी.' कॅल्साइट आणि ॲरागोनाइट ही एकाच कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांची दोन रूपं. ताजा शंख ॲरागोनाइटचा असतो हे खरं. पण तो साधारण ४०० अंशांपुढे तापला की ॲरागोनाइटचं कॅल्साइट होतं, आणि जुन्या वस्तीत चूल होती, घरं जळत होती. नमुन्याची पूड करायला खलात जीव खाऊन घोटत बसलात तरी थोडा बदल होतो. कालवाचं कवच तर मुळातच बहुतांशी कॅल्साइटचं. वरून मोजलंत तर कदाचित नुसती पापडीच मोजली जाईल. मी नेहमी तुटलेल्या कडेच्या आतून मोजते आणि तुकडा करडा पडलेला असेल तर आगीची नोंद आधी करते. रामनमधली (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखायची तपासणी) १०८५ची रेघ बघून उड्या मारू नका, ती दोघांचीही आहे. २०६च्या आसपास ॲरागोनाइट, २८१च्या आसपास कॅल्साइट.

एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) कॅल्शियम दिसलं म्हणून शंख म्हणू नका, हस्तिदंतातही ते आहे. हस्तिदंतात फॉस्फरसही भरपूर असतो, तो शोधा. त्याचा क्षीण संकेत हवेतच विरतो, म्हणून हेलियम सोडून मोजा.

शंखजिऱ्याचे, म्हणजे एका मऊ दगडाचे, भाजून पांढरे केलेले मणी शंखाचे समजू नका. नावात शंख आहे तेवढाच.

चमक दिसली की 'समुद्री मोतीशिंपला' लिहिण्याची घाईही तशीच. डेन्मार्क, जर्मनी आणि रुमानियातल्या प्रागैतिहासिक बटणांमधली प्रथिनं तपासली तेव्हा २०१९ मध्ये ती नदी-तळ्यातल्या शिंपल्यांची निघाली.

आणि तुकडा कुणी डिंकाने जोडलाय का, हे विचारल्याशिवाय इन्फ्रारेड तपासणी लावू नका. तिच्या आलेखातला १७३०च्या आसपासचा उंचवटा बऱ्याचदा जोडणाऱ्याच्या बाटलीतला असतो.