घरांची यादी नाही? छपरांवरून नमुना काढा

आरोग्य सर्वेक्षणासाठी वस्तीतल्या घरांची ताजी यादी सहसा मिळत नाही. मग चौकातून निघून 'दर पाचवं घर' सुरू होतं आणि मागच्या गल्ल्या राहून जातात. त्यापेक्षा हे करा:

१. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहचित्रावर वस्तीची हद्द आखा.
२. हद्दीतल्या प्रत्येक छपरावर एक बिंदू द्या. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर इमारती आधीच असतील तर निम्मं काम वाचतं.
३. क्यूजीआयएसमधल्या 'रँडम एक्स्ट्रॅक्ट' या चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करणाऱ्या साधनाने हवी तेवढी छपरं निवडा, थोडी राखीवही.
४. निवडलेल्या बिंदूंची केएमएल फाइल (नकाशावरच्या ठिकाणांची फाइल) ऑर्गॅनिक मॅप्स या ऑफलाइन नकाशा-अ‍ॅपमध्ये टाका; नेट नसलं तरी फोन दारापर्यंत नेतो.

नकाशावर कुठेही बिंदू टाकून जवळचं घर घेण्याचा मोह टाळा. त्यात एकट्या-दुकट्या घराची निवडीची शक्यता वाढते, दाटीतल्या घराची घटते.

छप्पर गोठ्याचं किंवा दुकानाचं निघालं तर राखीव यादीतलं पुढचं घ्या. एका छपराखाली चार कुटुंबं असतील तर चारही घ्या, नाहीतर एकच चिठ्ठीने काढून कुटुंबांची संख्या टिपून ठेवा. विश्लेषणात भारांकनाला, म्हणजे प्रत्येक उत्तराला योग्य वजन द्यायला, ती लागतेच.

कुलूप दिसलं म्हणून शेजारचं दार मात्र वाजवू नका, पुन्हा जा. आणि घरांचे अक्षांश-रेखांश आजारांच्या उत्तरांपासून वेगळ्या फाइलीत ठेवा.