दिवाळखोरीच्या वकिलीत उतरायचंय? आधी क्लेमचा फॉर्म भरायला शिका

लॉ कॉलेजची पोरं हल्ली सारखं विचारतात, आयबीसीत (म्हणजे दिवाळखोरी संहितेत) करिअर करायचंय, कुठलं पुस्तक वाचू, कुठल्या फर्मला चिकटू. पुस्तक कुठलंही घ्या, फक्त ताजी आवृत्ती घ्या, कारण कायदा २०१६ चा असला तरी त्यात इतक्या दुरुस्त्या झाल्यात की दोन वर्षं जुनं पुस्तक रद्दीत टाकायच्या लायकीचं. फर्मचं नंतर बघू. या क्षेत्रातले मुरलेले वकील बघून नव्या पोरांना वाटतं की आधी वीस वर्षं बँकांची कामं करायची, पैसा कमवायचा आणि मग केस पिकले की समाजकार्य. मी म्हणतो उलट करा. कामगाराचा, फ्लॅट बुक करून अडकलेल्याचा, छोट्या सप्लायरचा क्लेम, म्हणजे कंपनीकडून येणं असलेल्या पैशाचा दावा, पहिल्या वर्षापासून भरून द्या, कारण या कायद्यात पैसा नेमका कुठे अडतो आणि कुणापर्यंत पोचतच नाही हे तिथेच कळतं, आणि उद्या बँकेच्या बाजूने उभं राहिलात तरी तेच कामाला येतं.

सनद, एआयबीई (बार कौन्सिलची परीक्षा) वगैरे सगळ्यांनाच करायचंय, त्यावर वेळ घालवत नाही. मुद्द्याची जागा म्हणजे कफ परेडला एमटीएनएलच्या बिल्डिंगमधलं एनसीएलटी, कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालतात ते न्यायाधिकरण. कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस महाराष्ट्रात किंवा गोव्यात असेल तर मॅटर इथेच, मग ती कोल्हापूरची फाउंड्री असो की पणजीची हॉटेल कंपनी. पूर्वी चर्चगेटला उतरून टॅक्सीच्या लायनीत उभं राहायला लागायचं, आता मेट्रो ३ कफ परेडपर्यंत आलीये त्यामुळे तोही बहाणा गेला. सुनावण्या ऑनलाइन बघता येतात हे खरं, पण पहिले काही महिने प्रत्यक्ष जाऊन बसा. आदल्या दिवशी बोर्ड (सुनावण्यांची यादी) बघायचा, त्यातली ॲडमिशनची, म्हणजे अर्ज दाखल करून घ्यायचा की नाही याची, दोन-तीन मॅटर निवडायची आणि मेंबर, म्हणजे तिथले न्यायाधीश, कुठला कागद मागतात ते लिहून घ्यायचं. नवे वकील तोंडपाठ जजमेंट म्हणत असतात आणि समोरून विचारणा होते ती डिफॉल्टच्या तारखेची. ती तारीख पिटिशनमध्ये एक, नोटिशीत दुसरी आणि स्टेटमेंटमध्ये तिसरीच निघाली की पुढे काय होतं ते बघण्यासारखं असतं.

वाचायचीच असतील तर सुरुवातीला दोन जजमेंट पुरेत. पहिलं इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज विरुद्ध आयसीआयसीआय बँक, ऑगस्ट २०१७. कंपनी आपल्या पुण्याची आणि मॅटर मुंबईचंच. महाराष्ट्राच्या १९५८ च्या रिलीफ अंडरटेकिंग कायद्याखाली आमची देणी स्थगित आहेत असं कंपनीचं म्हणणं होतं, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केंद्राची संहिता वरचढ, आणि आर्थिक कर्जाच्या मॅटरमध्ये कर्ज आहे का आणि थकलंय का एवढंच बघायचं. दुसरं मोबिलॉक्स, त्याच वर्षीच्या सप्टेंबरचं. माल किंवा सेवा दिलेल्या माणसाचा अर्ज असेल आणि नोटीस मिळायच्या आधीपासून त्या देण्याबद्दल खराखुरा वाद चालू असेल, तर कलम ९ चा अर्ज टिकत नाही.

हे दुसरं नीट डोक्यात बसवा, कारण छोटे सप्लायर याच कलमाखाली यायला बघतात. समजा चाकणचा एक पार्टवाला येतो, म्हणतो कंपनीने माझे ४० लाख अडकवलेत, तिला एनसीएलटीत खेचा. पहिली गोष्ट, मार्च २०२० पासून मर्यादा १ कोटीची आहे, ४० लाखाला तो दरवाजाच बंद. त्याला एमएसएमईच्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा (छोट्या उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाचा) रस्ता दाखवा, नाहीतर समरी सूट, म्हणजे दिवाणी कोर्टातला झटपट दावा. रक्कम १ कोटीच्या वर असली तरी लगेच कलम ८ ची १० दिवसांची नोटीस ड्राफ्ट करायला बसू नका, आधी त्याचा सगळा ईमेल आणि व्हॉट्सॲप उघडून बघा. कुठेतरी वर्षभरापूर्वी कंपनीच्या परचेसवाल्याने लिहिलेलं सापडतं, की या लॉटमधले एवढे पीस रिजेक्ट, डेबिट नोट पाठवतोय. अशील हे आपणहून कधीच सांगत नाही, त्याला ते महत्त्वाचंच वाटत नाही, आणि समोरचा वकील मात्र रिप्लायच्या पहिल्या पानावर तेच लावतो. दुसरं लिमिटेशनचं, थकल्यापासून तीन वर्षं. मधे कंपनीने बॅलन्सशीटमध्ये ते देणं मान्य केलेलं असेल तर मुदत वाढू शकते, त्यामुळे एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवरून बॅलन्सशीट काढून ऑडिटरच्या नोटसकट वाचायची सवय लावून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण केसेस त्यावर जिंकल्या जातात.

आणि ऑर्डर विरोधात गेली तर त्याच दिवशी सर्टिफाइड कॉपीला अर्ज टाका. एनसीएलएटीत, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणात, अपिलाला ३० दिवस, वर फार तर १५, पुढे एक दिवससुद्धा मिळत नाही. फ्री कॉपी हातात आल्यावर मोजू असं म्हणणाऱ्यांना सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्येच गप्प केलंय.

आता खरा मुद्दा, कामगाराचा क्लेम. कंपनी ॲडमिट झाली, म्हणजे तिच्याविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला गेला, की आयआरपी (कंपनीचा कारभार हाती घेणारा हंगामी रिझोल्यूशन प्रोफेशनल) तीन दिवसांत जाहीर नोटीस काढतो, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात, आणि त्याच्या नेमणुकीपासून साधारण १४ दिवसांत क्लेम मागवतो. एमआयडीसीतला फिटर ती नोटीस वाचतो का? त्याला गेटवर कोणीतरी सांगतं की कंपनी कोर्टात गेली. तोपर्यंत तारीख उलटलेली असते, तरी घाबरायचं कारण नाही, उशिराचे क्लेमही ठराविक काळापर्यंत घ्यावे लागतात, किमान ९० दिवस धरून चाला, पण ९० दिवस उलटले तर उशिराचं कारण लिहून द्यायला लागतं.

कामगाराला फॉर्म डी. फायनान्शियल क्रेडिटरला (बँकेसारख्या कर्ज देणाऱ्याला) सी, माल-सेवावाल्याला बी, फ्लॅटवाल्याला सीए. चुकीच्या फॉर्मवर क्लेम गेला की निष्कारण दोन आठवडे पत्रव्यवहारात जातात. टेबलवर काय काय मांडायचं बघा: अपॉइंटमेंट लेटर असलं तर उत्तम, बऱ्याच जणांकडे नसतंच, मग सॅलरी स्लिप, आयकार्ड, ईएसआयसी कार्ड, ज्या खात्यात पगार यायचा त्याचं पासबुक, आणि मोबाईलवर यूएएन टाकून काढलेलं पीएफचं पासबुक. या शेवटच्या कागदावर कुठल्या महिन्यापासून मालकाने पीएफ भरायचं बंद केलं ते स्वच्छ दिसतं, आणि कंपनी प्रत्यक्षात कधीपासून बुडायला लागली तेही बहुतेक वेळा तिथेच कळतं.

मग हिशोब. थकलेला पगार महिन्या-महिन्याने वेगळा लिहा, एकरकमी आकडा टाकू नका. रजेचे पैसे वेगळे, बोनस वेगळा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक अधिक डीए गुणिले १५ गुणिले नोकरीची वर्षं, भागिले २६. १८,००० बेसिक-डीए असलेल्या २२ वर्षं नोकरी केलेल्या काकांचे होतात २,२८,४६१ रुपये. काका म्हणतील, साहेब राउंड करून अडीच लाख टाका ना, तर नाही म्हणायचं, कारण फुगवलेला क्लेम दिसला की आरपी (आयआरपीनंतर कारभार बघणारा) बाकीच्या आकड्यांवरही संशय घेतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची ओळ पगारापासून वेगळी ठेवायचं कारण मोठं आहे: लिक्विडेशनमध्ये (कंपनी मोडीत काढताना) पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडाचे पैसे वाटपाच्या मालमत्तेत धरलेच जात नाहीत, आणि उरलेल्या कामगार देण्यांपैकी आधीच्या २४ महिन्यांचं देणं तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने बसतं. जेट एअरवेजमध्ये एनसीएलएटीने ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायला सांगितली, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये त्यात हात घातला नाही. अर्थात नंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीच लिक्विडेशनला गेली, तेव्हा कागदावरचा हक्क आणि हातातला चेक यात किती अंतर असतं तेही लोकांना सांगायचं.

फ्लॅटवाल्यांचं जग वेगळं. २०१८ पासून ते फायनान्शियल क्रेडिटर आहेत, पण स्वतः बिल्डरला एनसीएलटीत न्यायचं तर त्याच प्रोजेक्टमधले किमान १०० जण किंवा १० टक्के एकत्र लागतात. इथे वकिलापेक्षा ग्रुप ॲडमिनचं काम जास्त. अर्धे म्हणतात महारेरात जाऊ, अर्धे म्हणतात रिफंड, उरलेल्यांना घरच पाहिजे. तुम्ही एवढंच करा की एक रविवार त्यांना बसवून फॉर्म सीए भरून घ्या, ॲग्रीमेंट, पावत्या, होम लोनचं स्टेटमेंट लावून, आणि ८ टक्के व्याजाचा नियम समजावून सांगा, कारण त्यावर मताचं वजन ठरतं. सीओसीत (कर्ज देणाऱ्यांच्या समितीत) त्यांच्या वतीने ऑथराइज्ड रिप्रेझेंटेटिव्ह बसतो, तो जाहीर नोटिशीतल्या तीन नावांतून फॉर्ममध्ये निवडायचा असतो आणि बहुतेक जण तो रकाना तसाच रिकामा सोडतात.

आणि शिबिर लावलंत की येणारे निम्मे लोक या संहितेतले नसतातच. कोणाचं पर्सनल लोन, कोणाचं क्रेडिट कार्ड, कोणाचं सावकाराकडे गहाण. तुम्ही दिवाळखोरीचे वकील म्हणून ते येतात आणि व्यक्तींसाठीचा भाग, पर्सनल गॅरंटर सोडले तर, अजून लागूच झालेला नाही. साध्या माणसाला आजही १९०९ आणि १९२० चेच कायदे, मुंबईत हायकोर्ट आणि बाकी जिल्ह्यात जिल्हा न्यायालय. १९२० च्या कायद्यात कर्जाची किमान रक्कम अजून ५०० रुपये लिहिलेली आहे, यावरून तो किती वापरात आहे ते ओळखा. त्यामुळे बाकीची हत्यारं माहीत पाहिजेत. घर तारण असेल आणि सरफेसीची (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) ६० दिवसांची नोटीस आली असेल तर गप्प बसू देऊ नका, लेखी आक्षेप द्या, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ताबा घ्यायची कारवाई झाली तर डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) ४५ दिवसांत जायचं. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही हे कितीतरी शेतकऱ्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. रिकव्हरीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत काही झालं नाही तर आरबीआय लोकपाल, फी शून्य. आणि बिनपरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज, तिथे जमीन परत मिळायची तरतूद आहे.

हे सगळं स्वतःचा बॅनर लावून करू नका. बार कौन्सिलच्या नियमात वकिलाला जाहिरात चालत नाही, शिबिरात व्हिजिटिंग कार्ड वाटणं म्हणजे जाहिरातच. तालुका विधी सेवा समितीच्या किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव द्या, त्यांच्यामार्फत शिबिर घ्या. फायदा हा की महिला आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यातला माणूस तुमच्या उपकारावर नाही, हक्काने येतो.

दहा वर्षं प्रॅक्टिस झाली की आयबीबीआयची (दिवाळखोरी क्षेत्राच्या नियामक मंडळाची) परीक्षा देऊन इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल होता येतं, ५० तासांचा कोर्सही आहे. जरूर द्या परीक्षा, अभ्यास होतो. पण आरपी होणं म्हणजे बंद कंपनीचं लाइट बिल, सिक्युरिटीवाल्यांचा पगार, भंगार चोरी, या सगळ्याची जबाबदारी अंगावर घेणं, कोर्टात उभं राहण्यात ज्याला मजा येते त्याने नीट विचार करावा.

एक नियम मात्र लेखी ठेवा: शिबिरात ज्या कंपनीच्या कामगारांचे फॉर्म भरले, त्या कंपनीत पुढे बँकेचं, आरपीचं किंवा कंपनी वाचवायचा प्लॅन देणाऱ्याचं ब्रीफ (वकिलीचं काम) आलं तर घ्यायचं नाही, फी कितीही असली तरी. त्यासाठी एक साधी वही करा, कंपनीचं नाव, तारीख, कोणाकोणाचे फॉर्म, आणि नवं वकीलपत्र घेण्याआधी ती उघडून बघा.