बेने इस्रायली कीर्तन आणि वाचनाची संध्याकाळ कशी योजावी

ज्यू समाजाच्या सभागृहात मराठी कीर्तन आणि वाचनाचा कार्यक्रम ठरवताना बहुतेक आयोजक आधी वक्ता शोधतात. माझ्या मते आधी वही शोधावी. मुंबईत 1880 च्या सुमारास काही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, तरुणांनी हरिकीर्तनाचा मराठी साचा उचलून योसेफ, मोशे, एलियाहू यांची आख्याने ओवी, साकी, दिंडी आणि पदांत बांधायला आरंभ केला, आणि पुढे ही गीते मुख्यतः स्त्रियांच्या हस्तलिखित वह्यांत टिकली. म्हणून कार्यक्रमाच्या किमान दोन महिने आधी ठाणे, पनवेल, पुणे, अलिबाग परिसरातील ज्येष्ठ आजींकडे जाऊन, त्यांच्या परवानगीने वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे.

या कामात सर्वाधिक लक्ष चालीकडे द्यावे. अशा वह्यांत पदाच्या डोक्यावर पुष्कळदा केवळ ‘चाल’ असे लिहून त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय गीताची पहिली ओळ दिलेली असते. ते मूळ गीत आज कोणाला आठवत नसेल, तर शब्द हाती असूनही पद मुके राहते. त्यामुळे छायाचित्रे घेतानाच आजींकडून प्रत्येक पदाचे एक कडवे म्हणवून घेऊन ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. त्यांचा सूर उतरला असला तरी चालावे, कारण पेटीवाल्याला चालीचा सांगाडा तेवढ्यातूनही मिळतो. दुरुस्ती मात्र करू नये. ‘एलियाहू हन्नाबी’ (संदेष्टा एलियाहू) हा उच्चार त्या जसा करतात तसाच गायकांनी शिकावा.

तारीख ठरवताना ज्यू पंचांग आणि समाजाची सणांची जुनी मराठी नावे, दोन्ही समोर ठेवावीत. नव्याचा सण (रोश हशाना, ज्यू नववर्ष) आणि दारफाळणीचा सण (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपवास) यांच्या दिवसांत सभागृह मोकळे नसते. बिरड्याचा रोजा हा जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन असल्याने त्याआधीच्या नऊ दिवसांत गाणे-बजावणे ठेवू नये. पेसाह म्हणजे वल्हांडण सणानंतरच्या, ओमेर नावाच्या सात आठवड्यांच्या काळातही संगीत टाळण्याची रीत आहे, म्हणून हझ्झान (प्रार्थना चालवणारे) किंवा वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय तारीख छापू नये. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो. मुंबईत डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होत असल्याने शनिवारी रात्री आठला आरंभ करता येतो. जूनमध्ये मात्र फार उशीर होतो आणि वृद्ध श्रोते येत नाहीत, म्हणून रविवारची संध्याकाळ निवडावी. इस्रायलमधील लोद, रामला, अश्दोद किंवा दिमोना येथील नातेवाइकांना दृक्श्राव्य पद्धतीने जोडायचे असल्यास इस्रायलची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे असते, हे निमंत्रणात लिहावे.

वाचनासाठी 1874 साली पुण्यात हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह छापलेल्या सचित्र हागादाचा (पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीचा) एखादा उतारा उत्तम. त्यातील चित्रांत मात्झा (पेसाहची बेखमीर भाकर) लाटणाऱ्या स्त्रिया साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत, आणि माझ्या दृष्टीने या समाजाचे मराठीपण समजावून सांगायला ते एक चित्र पडद्यावर दाखवणे लांबलचक प्रास्ताविकापेक्षा अधिक उपयोगी पडते. हागादात लहान मुलाने विचारायचे जे चार प्रश्न असतात ते एका मुलाने हिब्रूत आणि दुसऱ्याने मराठीत वाचावेत. याच समाजातील निस्सिम एझेकिएल यांच्यासारख्या इंग्रजी कवीचा परिचय द्यायचा असेल तर तो पाच मिनिटांत आटोपावा. या संध्याकाळी मराठीला मागच्या बाकावर बसवू नये.

गीतांची पत्रके छापताना ईश्वराचे चार अक्षरी हिब्रू नाव त्यात येऊ देऊ नये. ते असलेला कागद फेकता येत नाही, तो गेनिझात (जुने पवित्र कागद ठेवण्याच्या जागेत) जपून ठेवून पुढे दफन करावा लागतो, आणि कार्यक्रमानंतर खुर्च्यांखाली पडलेली पत्रके गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांना हे ठाऊक असेलच असे नाही. अक्षरे मोठी ठेवावीत.

कार्यक्रम शक्यतो प्रार्थनागृहाऐवजी शेजारच्या सभागृहात घ्यावा आणि पुरुषांसाठी दारात टोप्या ठेवाव्यात. 2008 च्या हल्ल्यात नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र लक्ष्य झाल्यापासून मुंबईतील ज्यू वास्तूंवर कडक पहारा असतो. म्हणून पाहुण्यांची यादी आधी व्यवस्थापनाकडे द्यावी, ओळखपत्र आणण्यास आणि मोठ्या पिशव्या न आणण्यास निमंत्रणातच सांगावे. ऐंशी वर्षांच्या श्रोत्यांना फाटकाबाहेर ताटकळत उभे राहावे लागणे मला फार लागते, म्हणून एक ओळखीचा माणूस तेथे शेवटपर्यंत नेमावा.

ज्यू आहारनियमांप्रमाणे अल्पोपाहारात दूध आणि मांस यांची सरमिसळ होता कामा नये. नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा ठेवला तर हा प्रश्नच उद्भवत नाही. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा आणि फळे घालून केलेला मलिदा मात्र खाऊच्या टेबलावर मांडू नये. तो एलियाहू हन्नाबीच्या स्मरणाने, आभाराच्या प्रार्थनेसह वाटायचा असतो. ठेवायचा असेल तर हझ्झानांना बोलावून प्रार्थना करावी आणि मगच तो सर्वांना, ज्यू नसलेल्या पाहुण्यांनाही, हाती द्यावा.

कोणाची वही उसनी घेतली असल्यास ती त्याच आठवड्यात स्वतः नेऊन परत करावी, आणि सोबत छायाचित्रांची छापील प्रत व त्या घरच्या आजींच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण कुटुंबाच्या हाती द्यावे.