बायबलमधील वचन आधी कोणाला लिहिले होते? वाचताना या चुका टाळा

नवीन वर्षाच्या उपासनेत वाटल्या जाणाऱ्या वचनकार्डांवर, लग्नपत्रिकांवर आणि बारावीच्या निकालानंतरच्या शुभेच्छांमध्ये यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९:११ हे वचन हमखास आढळते. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर तेथे सांगतो. हे वचन एका पत्रातले आहे, त्या पत्राला ठरावीक पत्ता होता आणि ज्यांच्या हाती ते पडले त्यांची परिस्थिती आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. तरीही वाचताना आपण तो पत्ता खोडून स्वतःचा लिहितो. पाळक, संडे स्कूलचे शिक्षक आणि घरी नित्य बायबल उघडणारे वाचक या सर्वांकडून ही चूक होते आणि तिच्यातून आणखी काही चुका निघतात.

वचन पत्रातून कापून घेणे

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम ताब्यात घेतले आणि तरुण राजा यखन्या, राजमाता, दरबारी व कारागीर यांना बाबेलला नेले. मागे उरलेल्या यरुशलेमात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता की दोन वर्षांच्या आत सर्व बंदिवान परत येतील. बाबेलमध्येही अशीच आशा लावणारे संदेष्टे होते. अशा वेळी यिर्मयाचे पत्र राजदूतांच्या हाती तेथे पोहोचले आणि त्यात लिहिले होते की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. सुटका होईल, पण सत्तर वर्षांनी.

सत्तर वर्षांचा हा उल्लेख दहाव्या वचनात, म्हणजे वचनकार्डावरील मजकुराच्या अगदी मागच्या वाक्यात आहे. ज्या चाळिशीच्या गृहस्थाने हे पत्र ऐकले, त्याला त्याच क्षणी कळले असणार की आपण स्वतः यरुशलेम पुन्हा पाहणार नाही. पाहिले तर नातवंडे पाहतील. पत्र किती झोंबले, हे त्याच अध्यायाच्या शेवटी दिसते. शमाया नावाच्या एका बंदिवानाने बाबेलहून यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र धाडले आणि या यिर्मयाला अजून खोड्यात (पाय अडकवण्याच्या लाकडी सापळ्यात) का घातले नाही, असा जाब विचारला. जे वचन आपण चौकट करून भिंतीवर लावतो, ते असलेले पत्र ऐकून किमान एका श्रोत्याला लेखकाला शिक्षा व्हावी असे वाटले होते, हे लक्षात ठेवलेले बरे.

या बंदिवासाचे पुरावे बायबलबाहेरही आहेत. बाबेलच्या उत्खननात मिळालेल्या मातीच्या पाट्यांवर यखन्या राजा व त्याची मुले यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. बाबेलोनियातील अल-याहुदू या वस्तीशी संबंधित पाट्यांवर यहूदी कुटुंबांची शेती, कर्जे आणि करभरणा यांचे व्यवहार आढळतात. म्हणजे ‘मळे लावा’ हा सल्ला पुष्कळांनी शब्दशः जगून दाखवला.

नोकरी गेलेल्या माणसाला हे वचन अवश्य सांगावे, पण पाचव्या ते दहाव्या वचनांसकट सांगावे. मग त्यातून मिळणारा धीर वेगळ्या जातीचा असतो. लवकरच सर्व ठीक होईल असे ते पत्र म्हणत नाही. जेथे आहेस तेथे मन लावून राहा, माझा संकल्प तुझ्या आयुष्याहून लांबीचा आहे, असे म्हणते. आश्वासन मूळ श्रोत्यांना दिले की आपल्या वाट्याला काहीच उरत नाही, ही भीती त्यामुळे मला निराधार वाटते.

फिलिप्पैकरांस ४:१३ चेही असेच होते. ‘मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे’ हे प्रेषित पौल बेड्यांत असताना लिहितो आणि त्याच्या आधीच्याच वचनात तृप्त असणे व उपाशी राहणे या दोहोंची सवय झाल्याचे सांगतो. क्रीडास्पर्धेतील पदकाचा तेथे विषय नाही. मत्तय १८:२० मधील ‘दोघे किंवा तिघे’ हे शब्दही अपराधी भावाशी कसे वागावे आणि साक्षीदार किती असावेत या प्रकरणात येतात, उपस्थिती कमी असलेल्या प्रार्थनासभेच्या समाधानासाठी येत नाहीत.

सवयीचा अर्थ मूळ श्रोत्यांच्या कानी घालणे

प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया येथील मंडळीला पाठवलेल्या पत्रात ख्रिस्त सांगतो की तू गार नाहीस व गरमही नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार. आपल्याकडे याचा अर्थ जवळजवळ ठरून गेला आहे: गरम म्हणजे आवेशी, गार म्हणजे विश्वासाला विरोध करणारा, कोमट म्हणजे अधलामधला. पण हा अर्थ घेतला तर ‘तू गार असतास तरी बरे होते’ या वाक्याचे काय करायचे? ख्रिस्ताला उघड विरोधक चालतील, असे म्हणावे लागते आणि प्रवचनकार तेथे अडखळतो.

लावदिकीयाचे अवशेष तुर्कस्तानात डेनिझ्ली शहराजवळ आहेत. जवळच हेरापली येथे गरम पाण्याचे झरे होते. आजचे पामुक्काले ते हेच. दुसऱ्या बाजूला कलस्सै होते, तेथे डोंगराचे गार पाणी मिळे. लावदिकीयाला मात्र पाणी दुरून नळांवाटे आणावे लागे आणि चुन्याचे जाड थर साचलेले ते दगडी नळ आजही पाहायला मिळतात. या दृष्टीने वाचले तर गरम पाणी उपयोगी, गार पाणीही उपयोगी आणि कोमट तेवढे निरुपयोगी ठरते. काही अभ्यासकांना ही पाणीपुरवठ्याची उपपत्ती पटत नाही. त्यांच्या मते मेजवानीत पाहुण्यांपुढे गरम किंवा गार पेय ठेवण्याची रीत येथे अभिप्रेत आहे. वाद खुला राहिला तरी बिघडत नाही, कारण गरम आणि गार दोन्ही हवीशी आहेत, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

त्याच पत्रातील ‘मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही’ हे बोलही त्या गावाचेच वाटतात. इ.स. ६० च्या भूकंपात हे शहर कोसळले, तेव्हा रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशाने उभे राहिले, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे.

ऐकीव पार्श्वभूमीवर विश्वास ठेवणे

पार्श्वभूमीची गोडी लागलेल्या वाचकाकडून होणारी ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिला अभ्यासाचा वेष असतो. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, असे येशू म्हणाला; त्यावर, यरुशलेमात ‘सुईचे नाक’ नावाचा बुटका दरवाजा होता आणि ओझे उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जात असे, ही कथा संदेशांत आणि व्हॉट्सअॅपवर फिरत असते. पहिल्या शतकात असा दरवाजा असल्याचा कोणताही पुरावा नाही. खरे तर पुराव्यापर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. येशूचे बोलणे ऐकून शिष्य थक्क झाले आणि ‘तर मग कोणाचे तारण होणार?’ असे त्यांनी विचारले, हे मत्तय त्याच ठिकाणी नोंदवतो. उंट गुडघे टेकून पार होत असता तर त्यांना थक्क होण्याचे कारणच नव्हते. मूळ श्रोत्यांची प्रतिक्रिया मजकुरातच दिलेली असेल, तर बाहेरची कोणतीही कथा आधी तिच्याशी ताडून पाहावी.

पौलाच्या काळी करिंथच्या मंदिरात हजार देवदासी होत्या, या ऐकीव गोष्टीचेही तसेच आहे. तो उल्लेख ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोचा असून जुन्या ग्रीक करिंथविषयी आहे. ते शहर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केले. पौलाने पाहिलेले करिंथ इ.स.पू. ४४ मध्ये नव्याने वसवलेली रोमन वसाहत होती.

दोन प्रसंग सरसकट एक मानणे

गणेशोत्सवात शेजाऱ्यांनी दिलेला प्रसाद घ्यावा का, या प्रश्नावर मराठी ख्रिस्ती घरांत करिंथकरांस पहिले पत्र उघडले जाते आणि एकच वचन दाखवून निकाल दिला जातो. पौलापुढे मात्र तीन वेगळे प्रसंग होते. आठव्या अध्यायात मूर्तीच्या मंदिरात पंगतीला बसणे आहे. करिंथच्या अस्क्लेपियस या आरोग्यदेवाच्या देवस्थानात जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत आणि तेथील निमंत्रण नाकारणे म्हणजे ओळखीपाळखी व व्यवहार यांना मुकणे होते. दहाव्या अध्यायात बाजारातले मांस येते, ते चौकशी न करता विकत घ्यावे असे तो सांगतो. तिसरा प्रसंग विश्वास न ठेवणाऱ्याच्या घरच्या जेवणाचा आहे: वाढलेले खावे, पण हे देवाला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये.

आपल्याकडचा प्रसाद या तिन्हींपैकी कशातही तंतोतंत बसत नाही. तो मंदिराच्या पंगतीत बसून खाल्लेला नसतो, विकतचाही नसतो आणि शेजारीण तो प्रसाद म्हणूनच, पण आपुलकीने, दारात आणून देते. म्हणून पौलाने कोणाच्या विवेकाची काळजी घेतली, हे आधी पाहावे लागते. नुकताच बाप्तिस्मा घेतलेला आणि कालपर्यंत तीच पूजा मनोभावे करणारा कोणी समोर बसला असेल, तर आठव्या अध्यायाचे शेवटचे वचन (माझ्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही) ताटली हाती घेणाऱ्याला थेट लागू होते. शेजारणीने शाळकरी मुलाच्या हातावर ठेवलेल्या मोदकाला ते तितक्याच सहजतेने लावता येत नाही. तेथे तिसऱ्या प्रसंगातला ‘सांगणारा’ कोण आणि त्याच्या विवेकाला काय वाटेल, हा प्रश्न त्या घराला स्वतः सोडवावा लागतो.